लॅमिनेट केलेली चिठ्ठी

माझ्या शिलाई मशीनच्या खणात, बॉबिन आणि खडूच्या डबीखाली, डॉक्टरांची एक चिठ्ठी आहे. घड्यांवर फाटायला लागली म्हणून मी ती नव्या पेठेतून वीस रुपये देऊन लॅमिनेट करून आणली होती. या एका चिठ्ठीवर मी ऑगस्ट २०२२ पासून जानेवारी २०२४ पर्यंत प्रेडनिसोलोन नावाच्या स्टेरॉईडच्या गोळ्या घेतल्या. सतरा महिने. त्या सोडवायला पुढे चौदा महिने लागले. मागच्या महिन्यात शेवटची गोळी संपली, म्हणून आता बसून लिहितेय. कुणाच्या घरात अशी चिठ्ठी असेल तर त्यांना पुढचा रस्ता थोडा तरी ओळखीचा वाटेल.

मी घरी शिलाई करते, शाळेचे गणवेश, नगावर पैसे. मे-जून म्हणजे आमचा सीझन. २०२२ च्या जूनमध्ये सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं वळेनात. कणीक मळता येईना, कात्रीत अंगठा जाईना. दहा-अकरा वाजले की हळूहळू सैल व्हायची. सोलापूरकरांना सांगायला नको, आमच्याकडे नळाला पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं आणि ते कधी पहाटेही येतं. त्या दिवशी घागर उचलताना रडू यायचं. मुलगी कॉलेजला, हे कारखान्यावर रात्रपाळीला. सांगणार कुणाला?

अशोक चौकाजवळच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं. आमवात निघाला, ज्याला ते रुमॅटॉइड म्हणतात तो. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "ह्या आत्ता सुरू करा. पुढच्या वेळी अजून तपासण्या करून कायमची औषधं लावू."

तिसऱ्या दिवशी सकाळी माझी मूठ मिटली. मी बिछान्यात बसून दहा वेळा मूठ मिटली, उघडली, परत मिटली. त्या दिवशी चाळीस शर्टांची काज-बटणं केली. आता सांगा, अशा माणसाला परत डॉक्टरकडे जायची काय घाई? पुढच्या तपासण्यांचा खर्च तीन हजारांच्या वर सांगितला होता. गोळी मात्र दीड-दोन रुपयांना एक. गोळ्या संपल्या की चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जायचं. दोन-तीन महिन्यांनी चिठ्ठी दाखवायचीही गरज उरली नाही. "काकू, नेहमीची ना?" एवढंच.

मेडिकलमधल्या त्या पोराला मी दोष देत नाही, निदान एकट्याला तर नाहीच. पण नंतर कळलं ते सांगते. पाकिटावर लाल रेघ आणि आरएक्स असं लिहिलेलं असेल तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. आणि एका चिठ्ठीवर एकदाच द्यायचं. परत द्यायचं असेल तर डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसं लिहिलेलं हवं, आणि दिल्यावर दुकानदाराने शिक्का मारायचा. माझ्या चिठ्ठीवर शिक्का बसणार कसा? मी तिच्यावर प्लॅस्टिक चढवून ठेवलं होतं.

वर्षभरात वजन ६१ वरून ७० वर गेलं. भूक अशी की रात्री दोनला उठून डब्यातली शेंगाची पोळी खायचे. गाल भरले. शेजारच्या अक्का म्हणाल्या, "वहिनी, तब्येत सुधारली की ओ तुमची." मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? मग दंडावर जरा लागलं तरी काळंनिळं व्हायला लागलं, जिना चढताना मांड्या भरून यायच्या. २०२३ च्या डिसेंबरात गल्लीत तपासणीचं शिबिर होतं, तिथे उपाशीपोटी साखर १४८ निघाली. त्याच आठवड्यात मोबाईलवर कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला, स्टेरॉईड म्हणजे विष, शरीर पोखरतं. त्यात माझ्या गोळीचं नाव होतं.

२ जानेवारी २०२४ ला मी उरलेली दोन पाकिटं कचऱ्याच्या गाडीत टाकली. नवीन वर्ष, नवीन सुरुवात म्हणून. या सगळ्या प्रकरणात माझी सगळ्यात मोठी चूक ती. सतरा महिने गोळी खाणं हीसुद्धा चूकच, पण एका दिवसात बंद करणं त्याहून वाईट.

पहिले दोन-तीन दिवस काही झालं नाही. मग अंग ठेचून काढल्यासारखं दुखायला लागलं. भूक पार गेली. जिला रात्री दोनला पोळी लागायची, तिला भाकरीचा वास नको. थंडीचे दिवस, वाटलं कणकण असेल. त्यात भोगीच्या आदल्या दिवशी जुलाब लागले.

भोगी म्हणजे गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांच्या, यात्रेतला अक्षतांचा दिवस. बाहेर नंदीध्वजांची मिरवणूक, पांढऱ्या बाराबंद्या, "हर्र बोला हर्र"चा गजर, आणि मी ओट्याशी तीळ लावून बाजरीची भाकरी थापतेय. भाकरी तव्यावर टाकली एवढं आठवतं. मुलगी सांगते, मी "दिवा कुणी घालवला?" असं विचारलं आणि खाली बसले. तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते.

मिरवणुकीमुळे रस्ते बंद. रिक्षावाल्याने गल्लीबोळांतून, लांबच्या वळशाने एका खासगी दवाखान्यात नेलं. रक्तदाब ८४/५०. साखर ५८. सोडियम १२४. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ह्यांना विचारलं, "काही गोळ्या चालू आहेत का?"

हे म्हणाले, "काही नाही. होत्या त्या बंद केल्या."

बाई इंजेक्शन भरत होत्या, त्या थांबल्या. "काय बंद केलं? कधी?"

ह्यांना नाव येईना. मुलीने शेजारच्या अक्कांना फोन लावला, अक्कांनी मशीनचा खण उघडून चिठ्ठीचा फोटो पाठवला. प्लॅस्टिकवर ट्यूबलाइट चमकत होती, तरी औषधाचं नाव वाचता आलं. लगेच शिरेतून हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलीग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाइन. संध्याकाळी सहाला मी चहा मागितला म्हणे.

म्हणून ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा. दवाखान्यात चालू औषधं सगळेच सांगतात. गेल्या वर्षभरात बंद केलेलीही सांगा.

तीन रात्री काढल्या. दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले. त्यांनी गोळी परत सुरू करायची म्हटल्यावर मी रडायलाच लागले. जिच्यामुळे हे झालं तीच परत? मग ते खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यांदा मला कुणीतरी सांगितलं की ही गोळी म्हणजे हार्मोन आहे. मला वाटायचं हार्मोन म्हणजे थायरॉईड, पाळी, फार तर इन्शुलिन. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, त्या रोज कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन बनवतात. रक्तदाब, साखर, आजाराशी झुंजायची ताकद, सगळ्यात त्याचा हात असतो. प्रेडनिसोलोन ही त्याचीच नक्कल. शरीराची रोजची गरज साधारण ५ मिलीग्रॅम गोळीएवढी, आणि मी १० घेत होते. बाहेरून इतकं आयतं मिळाल्यावर मेंदू ग्रंथींना सांगतो, तुमचं काम थांबवा. त्या झोपतात. गोळी एकदम बंद केली की बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही. त्यात जुलाब-तापासारखा ताण आला तर माणूस माझ्यासारखं ओट्याशी बसतं.

हे यंत्रमागावर जॉबर आहेत, माग लावणारे-दुरुस्त करणारे. त्यांना पटकन समजलं. परतताना रिक्षात म्हणाले, "वर्षभर बंद पडलेला माग बटण दाबून चालतो होय? तेल घालायचं, गंज काढायचा, आधी मोकळा फिरवून बघायचा. मग सूत." पुढचे चौदा महिने मला धीर देण्यापुरतं त्यांच्याकडे एवढं एकच वाक्य होतं, पण ते त्यांनी पुरवून पुरवून वापरलं.

घरी आल्यावर मी चिठ्ठी काढली. औषधाचं नाव, १० मिलीग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर एक. आणि त्यापुढे स्वच्छ अक्षरात: २१ दिवस, मग दाखवणे.

बिल २७,६०० झालं. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्याच्या कंपनीच्या विम्यात आमची नावं आहेत, पण हा दवाखाना कॅशलेसच्या यादीत नव्हता. भरती होताना १०,००० भरले, उरलेले दवाखान्यातून सुटी मिळाली त्या दिवशी, त्यातले आठ हजार भिशीतले. विम्याचे कागद पाठवले तर तीन आठवड्यांनी उलट पत्र: या आजाराचा पहिला सल्ला कधी घेतला त्याचा मूळ कागद जोडा. म्हणजे तीच चिठ्ठी. दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून, खाली सही करून पाठवली. डिस्चार्ज कार्डवर माझं नाव एक आणि आधारवर एक, म्हणून दवाखान्यातून दुरुस्तीचं पत्र आणावं लागलं, त्यासाठी दोन हेलपाटे. मार्चअखेर २२,९०० जमा झाले. हातमोजे, सिरिंज, असल्या गोष्टींचे कापले. एक सांगते, सुटी मिळताना काउंटरवर उभं राहूनच आधारशी नाव ताडून बघा. तिथे पाच मिनिटांत होतं, नंतर आठवडा जातो.

फेब्रुवारीत हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांचा नंबर सकाळी आठला फोनवर लावायचा, साडेआठला यादी भरते. तपासायची फी ७००. पहिल्या दिवशी अकराला बसले ते अडीचला आत गेले. त्यांनी आणि संधिवाताच्या डॉक्टरांनी फोनवर बोलून ठरवलं की आधी आमवाताला त्याचं खरं औषध लावायचं, तो आटोक्यात येईल तशी प्रेडनिसोलोन उतरवायची. नाहीतर गोळी कमी केली की हात परत आखडणार आणि मी परत मेडिकलच्या दारात. माणूस ओळखला त्यांनी.

खरं औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. ते सुरू करण्याआधी लिव्हर, किडनी, रक्तपेशी, काविळीच्या बी आणि सी या तपासण्या आणि छातीचा एक्स-रे, सगळं मिळून ३,४०० रुपये. दीड वर्षापूर्वी ह्याच तपासण्यांचे पैसे वाचवले होते मी. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं, हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं आणि मुलीकडून वदवून घेतलं. आम्ही सोपं केलं: मंगळवारी मेथो, शुक्रवारी फॉलिक ॲसिड. कॅलेंडरवर मंगळवारभोवती लाल गोल. गुण यायला दोन-अडीच महिने लागले, तोवर १० ची गोळी चालूच.

हाडांची डेक्सा तपासणी झाली, २,२०० रुपये. हाडं झिजायला लागलेली, म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. डोळ्यांच्या डॉक्टरांना उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात दिसली. वय ४८. स्टेरॉईडने तो लवकर येऊ शकतो. बाकीचं बरंचसं गोळीबरोबर उतरलं, गाल, साखर, भूक. हा मात्र उतरायचा नाही.

एप्रिलमध्ये साडेसात, जूनमध्ये पाच. कागदावर उतरण सोपी दिसते. प्रत्येक पायरीला आठ-दहा दिवस अंग आंबायचं, झोप यायची नाही, उगाच रडू यायचं. भीती एकच, आमवात परत आला. डॉक्टरांनी खूण सांगितली होती. सांधे सुजलेत का, दाबल्यावर दुखतात का ते बघा. सूज असेल तर फोन करा, नुसतं अंग दुखत असेल तर कळ काढा. मी रोज सकाळी बोटाची पेरं दाबून बघायचे. अंगठी सहज फिरतेय ना, तेवढं बघून उठायचे.

मेमध्ये सोलापूर भट्टीसारखं तापलेलं आणि मला १०२ ताप आला. इथे डॉक्टरांचा कागद कामी आला. ताप असेल तर गोळी दुप्पट, ताप उतरला की परत पहिल्यासारखी. उलटीने गोळी पोटात ठरत नसेल तर घरी थांबायचं नाही, सरळ दवाखाना, इंजेक्शन. ऑपरेशन असो की दात काढायचा असो, आधी सांगायचं. ही नियमावली माझ्यासाठी लिहिलेली आहे, तुमची तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, पण घ्या नक्की. मुलीने तिची एक छोटी प्रत करून माझ्या पर्समध्ये ठेवली, वर लाल पेनने: "मी स्टेरॉईडवर आहे. अचानक बंद करू नये." ही मात्र लॅमिनेट केली नाही, कारण डोस बदलला की खाडाखोड करायची असते.

झोपलेल्या ग्रंथी जाग्या झाल्या का, हे सकाळच्या कॉर्टिसॉलवरून कळतं. रक्त आठच्या सुमाराला द्यायचं, कारण तेव्हा शरीरात ते सगळ्यात जास्त असतं. आधीचे चोवीस तास गोळी घ्यायची नाही, रक्त दिल्यावर लगेच घ्यायची. सप्टेंबरात माझी पहिली तपासणी होती. नेमकं त्या पहाटे पाणी आलं. पिंप भरलं, बादल्या भरल्या, नाश्ता केला आणि हाताच्या सवयीने गोळी तोंडात टाकली. लॅबमध्ये कुणी विचारलं नाही, मला आठवलं नाही. रिपोर्ट आला १३. मी पेढे आणायच्या बेतात होते. डॉक्टरांनी आकडा बघितला, मग माझ्याकडे. "गोळी घेतली होती का सकाळी?" प्रेडनिसोलोन कॉर्टिसॉलशी इतकं मिळतंजुळतं असतं की काही यंत्रं त्यालाच मोजतात. ६५० रुपये पाण्यात, अक्षरशः पाण्यापायी. आठवड्याने परत केली तेव्हा खरा आकडा आला: ३.८.

माझ्या डॉक्टरांचा हिशेब असा. १० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर गोळी सोडता येते. ५ च्या खाली असेल तर ग्रंथी झोपेतच आहेत. मधे असेल तर थांबायचं आणि परत बघायचं. ३.८ म्हणजे अजून तीन महिने ५ ची गोळी. त्या दिवशी मी घरी येऊन कुणाशी बोलले नाही. ह्यांनी मागाचं वाक्य काढलं तेव्हा त्यांच्यावरच खेकसले.

डिसेंबरात ७.२. गोळी अडीचवर आली. मार्च २०२५ मध्ये ११.६. त्या वेळी आदल्या रात्रीच गोळ्यांचा डबा मुलीच्या कपाटात कुलपात ठेवला होता. २३ मार्चला शेवटची अर्धी गोळी घेतली. पर्समधला कागद अजून वर्षभर ठेवायला सांगितलाय, मोठा आजार किंवा ऑपरेशन आलं तर ग्रंथी कमी पडू शकतात म्हणून. मेथोट्रेक्सेट चालू आहे, दर दोन-तीन महिन्यांनी लिव्हर आणि रक्त तपासते. सकाळी हात अर्धा तास जड असतात. चाळीस शर्ट होत नाहीत, पंचवीस होतात.

एक गंमत डॉक्टरांनी शेवटच्या भेटीत सांगितली. या जातीचं औषध १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकला पहिल्यांदा दिलं गेलं ते माझ्यासारख्याच आमवाताच्या एका बाईला. ती काही दिवसांत चालायला लागली. दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, त्या संशोधनाला नोबेल मिळालं. तिच्या त्या दिवसाची मला कल्पना करता येते. तीही बिछान्यात बसून मूठ मिटून बघत असेल. हे औषध मुळात वाईट नाही. त्या भोगीला मला वाचवलं तेही त्याच जातीच्या इंजेक्शनने. जिममधली पोरं घेतात ते स्टेरॉईड वेगळं, लोक दोन्हींची गल्लत करतात. आणि बाजारात सांधेदुखीच्या नाव नसलेल्या पुड्या मिळतात, त्यातल्या काहींमध्ये हेच कुटून घातलेलं सापडतं. तिसऱ्या दिवशी जादू झाली तर पुडीत काय आहे ते विचारा. मुकाट्याने महिनोन् महिने खाल्ली असेल तर मात्र एकदम टाकून देऊ नका, पुडी घेऊनच डॉक्टरकडे जा.

परवा शेजारच्या अक्का आल्या. मनगट धरून बसल्या, सकाळी बोटं वळत नाहीत म्हणाल्या. मग हळूच, "वहिनी, तुमची ती पहिली गोळी होती ना, लगेच गुण देणारी. तिचं नाव लिहून द्या की."

मी त्यांना चहा दिला आणि डॉक्टरांचा फोन नंबर लिहून दिला. आठ वाजता लावा म्हटलं, साडेआठला यादी भरते. मंगळवारी मी पण येते तुमच्याबरोबर.